खलनायक शेठजी असला म्हणजे वाचन मार्क्सवादी होत नाही

तर्री_पोहा (धागाकर्ता)

नवी मालिका आली की फॅन ग्रुपात पहिल्या रात्रीच कोणीतरी ‘भांडवलशाहीचे वाभाडे काढले’ असं लिहून मोकळं होतं. दुसरा ‘उगाच अजेंडा’ म्हणतो. पुढचे दीडशे प्रतिसाद कोणता नट कोणत्या पक्षाकडे झुकतो यावर खर्ची पडतात. मार्क्सचं नाव भरपूर, पद्धत कुठेच नाही. खलनायक शेठजी आणि नायक हमाल एवढ्यावर भागत असेल, तर पन्नाशीच्या दशकातला निम्मा हिंदी सिनेमा कम्युनिस्ट म्हणावा लागेल.

नागपुरात दहा-बारा जण महिन्यातून एकदा बसणार असतील तर कामी येईल अशी, सिनेमा-मालिका मार्क्सच्या नजरेने वाचायची पद्धत मांडतो. मुद्दा एकच आहे: क्रम उलटा करा. आपण कथेपासून निघतो आणि पैशापर्यंत पोचतच नाही. आधी पैसा, मग काम, मग कथा, आणि सर्वांत शेवटी आपण, म्हणजे फॅन.

पैशासाठी श्रेयनामावली थांबवून थांबवून वाचायची. सुरुवातीला किती कंपन्यांची बोधचिन्हं येतात, ‘प्रस्तुत’ कोण, ‘निर्मित’ कोण, संगीत कोणाकडे गेलं. संगीताची बाजू मुद्दाम बघा. २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. चित्रपटगृहाबाहेर ते गाणं वापरलं गेलं की त्यांचा बरोबरीचा वाटा राहतो. संकलक, कलाविभाग, प्रकाशयोजना यांच्यासाठी असं काही नाही. त्यांनी श्रमशक्ती विकली, हिशोब मिटला. एकाच सिनेमावर राबलेल्या दोन माणसांपैकी एकाचं उत्पन्न पुढे चालू राहतं आणि दुसऱ्याचं पॅकअपला संपतं. फरक कलेच्या उंचीचा नाही, कायद्याने ‘लेखक’ कोणाला म्हटलं याचा आहे.

कामासाठी नोंदवही. पाच रकाने: वेळ, कोण, काय करतोय, मोबदला आहे का, आणि त्या माणसाला कथेत नाव आहे का. थांबवून लिहायला सिनेमाच्या लांबीच्या दुप्पट-अडीचपट वेळ जातो, म्हणून सव्वादोन तासांचा सिनेमा तिघांत पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी वाटून घ्या. मात्र पहिली दहा मिनिटं तिघांनीही करायची आणि आकडे ताडून बघायचे. जुळत नसतील तर पुढे जाऊ नका. बहुतेकदा जुळत नाहीतच, कारण ‘काम’ कशाला म्हणायचं हे ठरलेलं नसतं. आई पोळ्या लाटता लाटता मुलाला रागावते: हे काम की संवाद? हवालदार जीपमध्ये नुसता बसलाय: कामावर धरायचा का? आमचा नियम साधा: हात थांबले तर कोणाचं तरी अडेल, ते काम. बसल्या जागी हुकूम सोडणं वेगळं लिहायचं.

एवढं केलं की भलत्याच गोष्टी हाती लागतात. नायक इंजिनियर आहे हे दहा वेळा सांगितलं जातं, पण पडद्यावर तो एक मिनिटही इंजिनियरकी करत नाही. जेवणाचे पाच प्रसंग, ताट प्रत्येक वेळी वाढलेलंच येतं. भांडी कोणत्याच प्रसंगात नाहीत.

बैठक अडीच तासांची: २० मिनिटं पैसा, ४० नोंदी, ५० निवडक तीन प्रसंग, १० चहा, ३० फॅनचं काम. प्रसंग चार-पाच मिनिटांचेच घ्या आणि दोनदा दाखवा, पहिल्यांदा आवाज बंद करून. पार्श्वसंगीत काढून टाकलं की कॅमेरा कोणाच्या डोळ्यांच्या पातळीवर उभा आहे हे आपोआप दिसतं.

बर्डीवाला

काहून एवढा खटाटोप राजेहो? माणूस सिनेमा पाहाले जाते का तलाठ्याचं काम कराले? घड्याळ घेऊन बसल्यावर मजा काय राह्यते त्यात?

आन् दुसरं, हे दाखवाचं कुठं? हॉल घ्याचा का कोनाच्या घरी जमाचं?

तर्री_पोहा

पहिल्यांदा मजेनेच बघायचा, वही न उघडता. नोंद दुसऱ्या वेळी. पहिल्याच वेळी वही घेऊन बसणाऱ्याला आपण कुठे हसलो, कुठे डोळे पाणावले हे कळत नाही, आणि विश्लेषणाचा अर्धा माल तोच असतो. डोळे का पाणावले हाच तर प्रश्न आहे.

हॉलच्या भानगडीत पडू नका. ओटीटीचं खातं घरगुती वापरासाठी असतं. सभागृहात लोकांना अख्खा सिनेमा दाखवायचा तर हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, शिवाय १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालचं प्रमाणपत्र असलेलीच प्रत. प्रत्येकाने घरी बघून यावं, बैठकीत फक्त ते तीन तुकडे.

इंदोरा_चौक

एक रकाना राहिलाय. नागपुरात तो राहिला तर दुसऱ्या बैठकीला अर्धे लोक येणार नाहीत, आणि बरोबरच करतील.

जात. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलंय की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण सिनेमा बघताना ते वापरायचं कसं, तर गिरणीचं उदाहरण घ्या. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला, आणि अस्पृश्य कामगारांना नेमकं तिथेच शिरकाव नाही. का? धोट्यातलं (मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनातलं) सूत संपलं की नवं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. म्हणजे एकाची थुंकी लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. सवर्ण विणकरांना ते चालत नव्हतं, म्हणून खातंच बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. आता गिरणीवरचा कुठलाही सिनेमा घ्या. भोंगा वाजतो, कामगारांचा लोंढा फाटकातून बाहेर पडतो, सगळे एकसारखे. तो लोंढा कोणत्या खात्यातून आला, हे कॅमेरा विचारतो का? ‘कामगार एकजूट’ दाखवणारं चित्र इथे मालकाच्याच सोयीचं होऊन बसतं, कारण आतली फट झाकली जाते.

नोंद करताना एक पथ्य. रंगावरून, चेहऱ्यावरून जात ओळखायचा खेळ करू नका. तो खेळ खेळणारा स्वतःचंच अज्ञान मोजत असतो. पडद्यावर पुरावा असेल तेवढंच लिहा: आडनाव, भिंतीवरची तसबीर, घर गावाच्या कोणत्या अंगाला, पाणी कोणत्या भांड्यातून दिलं, कोण खुर्चीवर आणि कोण उंबऱ्यावर. पुरावा नसेल तर ‘दिलेलं नाही’ लिहा. एखाद्या सिनेमात नायकाला तीन तास आडनावच नसतं. ही पण नोंदच आहे, आणि मोठी आहे.

सरावाला ‘कोर्ट’ घ्या, २०१४ चा. लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका करणारे दिवंगत वीरा साथीदार आपल्याच नागपूरचे, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. ज्या सफाई कामगाराच्या मृत्यूवरून खटला उभा राहतो, तो जिवंत असा एकदाही पडद्यावर येत नाही. त्याचं काम आपल्याला फक्त त्याच्या बायकोच्या साक्षीतून कळतं: गटारात उतरण्याआधी तो आत दगड टाकायचा, झुरळं बाहेर आली की आत हवा आहे असं समजायचा. उलट सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, आणि बचावाचा वकील सुपरमार्केटात खरेदी करतो. वरच्या पाच रकान्यांत हे भरून बघा. ‘काम’ कोणाचं दिसतं आणि कोणाचं फक्त ऐकू येतं, यातच सिनेमाचा युक्तिवाद आहे. घोषणा एकही लागत नाही.

फुटाळा_काठ

दोन्ही पोस्ट उत्तम. शब्दांबाबत थोडी साफसफाई करतो, कारण गट तिथेच घसरतात.

‘भ्रामक जाणीव’ हा शब्द फॅन ग्रुपात शिवीसारखा वापरला जातो: मला आवडलं नाही ते तुला आवडलं, म्हणजे तुझी जाणीव भ्रामक. मार्क्सने हा शब्द वापरलेलाच नाही. तो मार्क्सचा सहकारी एंगल्सच्या १८९३ च्या मेहरिंगला लिहिलेल्या पत्रात येतो, आणि तिथे रोख विचारवंतावर आहे: आपल्याला हलवणाऱ्या खऱ्या प्रेरणा त्याला स्वतःलाच दिसत नाहीत, असा. प्रेक्षकाला मूर्ख ठरवायला तो नाहीच. त्यापेक्षा इटालियन मार्क्सवादी ग्रामशीचं ‘धुरीणत्व’ घ्या. त्यात लोक फसलेले नसतात, राजी झालेले असतात, आणि राजी होताना काहीतरी पदरात पाडून घेतात. मालिकेतली सासू शेवटी सुनेला किल्ल्या देते तेव्हा बघणाऱ्या बाईला काहीतरी खरोखर मिळतं. काय मिळतं ते शोधा, तिला हसू नका.

माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉलने १९७३ मध्ये तीन वाचनं सांगितली: प्रभावी (सांगितलेलं मान्य), वाटाघाटीचं (काही मान्य, काही नाही), विरोधी (साफ नामंजूर). घोटाळा असा होतो की लोक त्यांना माणसांचे तीन प्रकार समजतात आणि स्वतःला तिसऱ्यात बसवतात. ती वाचनं आहेत, माणसं नव्हेत. एकच माणूस मध्यंतरापर्यंत विरोधी आणि शेवटच्या गाण्यात पूर्ण शरण असू शकतो. प्रसंगागणिक प्रत्येकाला १, २, ३ लिहायला सांगा, नाव न घालता चिठ्ठ्या गोळा करा. कोणत्या प्रसंगात आकडे सर्वांत विखुरले, तो प्रसंग चर्चेला घ्या. सगळ्यांनी ३ लिहिलेल्या प्रसंगात बोलण्यासारखं काही उरत नाही, फक्त एकमेकांची पाठ थोपटणं होतं.

पाया (उत्पादनव्यवस्था) आणि इमला (तिच्यावर उभी राहिलेली संस्कृती) यांचंही तसंच. ‘निर्माता भांडवलदार, म्हणून सिनेमा भांडवली’ हे गणित नसून आळस आहे. एकाच कंपनीच्या पैशातून परस्परविरोधी सिनेमे निघतात, कारण कंपनीला विचार विकायचा नसतो, माल विकायचा असतो. बंडाला गिऱ्हाईक असेल तर बंडही विकेल. प्रश्न असा विचारा: बंड दाखवताना काय वगळावं लागलं? साधारणपणे संघटना वगळलेली असते. राग असतो, नायक असतो, सभासद नोंदणी आणि वर्गणी कधी नसते.

रीळ_आणि_रोजी

शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल, म्हणजे फॅनच्या कामाबद्दल लिहितो. त्यावर सर्वांत कमी बोललं जातं.

फॅन काय काय करतो ते आधी फळ्यावर लिहा: झलक पुढे पाठवणं, हॅशटॅग वर नेणं, मराठी उपशीर्षकं बनवणं, पात्रांचे वंशवृक्ष, समीक्षेचे व्हिडिओ, चौकात फ्लेक्स. प्रत्येकासमोर दोन आकडे: किती तास गेले, पैसे कोणाला मिळाले. माध्यमांचा अभ्यासक डॅलस स्माइथने १९७७ मध्ये म्हटलं होतं की जाहिरातीवर चालणारं माध्यम खरं तर प्रेक्षक विकतं, कार्यक्रम हे त्याचं आमिष. आता प्रेक्षक बसल्या जागी माल घडवूनही देतो.

व्हिडिओचं उदाहरण. यूट्यूबवर लांब व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा करणाऱ्याला मिळतो, शॉर्ट्सला ४५. पण त्या रांगेत उभं राहायलाच १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं हवं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. तिथवर न पोचलेला माणूस राबतो तेव्हा त्याचा वाटा शून्य. त्यावर कडी अशी: बारा मिनिटांच्या समीक्षेत चाळीस सेकंद सिनेमाचं गाणं वाजलं की यंत्र ते ओळखतं आणि सहसा त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळते. याला ‘क्लेम’ म्हणतात, ‘स्ट्राइक’ नव्हे. दोन्हींत गल्लत करून लोक घाबरून व्हिडिओच काढून टाकतात. स्ट्राइक म्हणजे हक्कधारकाने रीतसर मागणी करून व्हिडिओ उतरवणं, आणि ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेलच जातं.

आपल्या कायद्यात कलम ५२ खाली समीक्षेसाठी रास्त वापराची सूट आहे, पण यंत्र कलम वाचत नाही, ध्वनी जुळवतं. म्हणून पार्श्वसंगीत असलेला तुकडा टाळा, स्थिरचित्रं वापरा, तुकडा दाखवलाच तर त्यावर लगेच बोला. क्लेम आला तर आक्षेप नोंदवता येतो; समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. नव्या सिनेमावरच्या व्हिडिओचं आयुष्य असतं दहा दिवसांचं. तीस दिवसांनी न्याय मिळून उपयोग काय, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बर्डीवाला

म्हंजे शोषणच झालं ना सरळ सरळ. वरकड मूल्य फॅनचं, खिसा कंपनीचा.

फुटाळा_काठ

थोडं थांबा. वरकड मूल्य हा काटेकोर शब्द आहे. कामगार श्रमशक्ती विकतो, मजुरीइतकं मूल्य काही तासांत काढतो, उरलेल्या तासांचं मालकाकडे जातं. फॅन श्रमशक्ती विकतच नाही. तो उद्या हॅशटॅग थांबवला तर उपाशी राहत नाही. तरीही काही अभ्यासक त्याला शोषणच म्हणतात. माझ्या मते कंपनी इथे खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, वसूल करते. जागा तिची, पीक तुमचं, खळ्यावर वाटा तिचा. मालगुजारीच्या मुलखात हे समजावून सांगायची गरज पडू नये. फरक शब्दापुरता नाही. शोषण म्हटलं की मागणी ‘मजुरी द्या’ अशी होते, खंड म्हटलं की मागणी जमिनीच्या मालकीची होते.

रीळ_आणि_रोजी

मालकीची मागणी प्रत्यक्षात आणल्याचं उदाहरण आहे. २००७ मध्ये फॅनलिब नावाच्या कंपनीने फॅनकथांवर धंदा मांडला. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, त्या चिडल्या आणि त्याच वर्षी त्यांनी ना-नफा संस्था काढली. तिचं ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ २००९ मध्ये खुलं झालं. सर्व्हर संस्थेच्या मालकीचे, जाहिरात नाही, खर्च देणग्यांतून. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. मार्क्सच्या भाषेत उत्पादनसाधनांची मालकी फॅनकडे.

पण पूर्ण टाळ्या नको. काम बिनपगारी स्वयंसेवकांवर चालतं, आणि बिनपगारी काम कोणाला परवडतं हा वर्गाचाच प्रश्न आहे. संध्याकाळी शिफ्ट असलेला माणूस टॅग लावायला बसू शकत नाही.

इंदोरा_चौक

फॅन संघटित झाले की काय होतं ते दक्षिणेकडे दिसतं. तमिळ नट एमजीआरच्या रसिक मंडळांच्या जाळ्यावर १९७२ मध्ये पक्ष उभा राहिला, १९७७ मध्ये ते मुख्यमंत्री. तेलुगू नट एनटीआरनी मार्च १९८२ मध्ये पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये सत्तेत. तिथे फॅन मंडळ म्हणजे वस्तीतली शाखा: वर्गणी, रक्तदान, कागदपत्रांची कामं. आपल्याकडे हे काम नटाच्या नावाने झालं नाही, कारण वस्तीत ते जयंती मंडळं आधीपासून करत होती. ‘झुंड’ सिनेमात जयंतीचा प्रसंग आहे, त्यात बाबासाहेबांच्या मोठ्या तसबिरीसमोर अमिताभ उभा राहतो. तिथे आपण नटाचे फॅन म्हणून बघतो की मंडळाचे कार्यकर्ते म्हणून, यावर चिठ्ठ्या टाका. आकडे विखुरतील, खात्री आहे.

तर्री_पोहा

फॅनच्या कृतीबद्दल एक सावधगिरी. २०२३ मध्ये अमेरिकेत पटकथालेखकांचा संप १४८ दिवस चालला. सुरू होताच फॅन ग्रुपांत आपसूक ‘बहिष्कार’ जाहीर झाला: मालिका बघू नका, वर्गणी बंद करा. लेखकांच्या संघटनेने असं आवाहन केलेलंच नव्हतं. फॅनना वाटलं आपण कामगारांच्या बाजूने उभे आहोत. प्रत्यक्षात संघटनेचा निर्णय त्यांनी परस्पर घेऊन टाकला. क्रम असा ठेवा: आधी संघटनेचं निवेदन शोधा, तिने काय मागितलंय तेवढंच करा.

बाकी गट फुटायची भीती कोणी बाळगू नये. नागपूरला परंपरा आहे. १९२९ मध्ये आयटकचं (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचं) अधिवेशन इथेच झालं, अध्यक्ष नेहरू, आणि ब्रिटिश सरकारच्या कामगारविषयक रॉयल कमिशनवर बहिष्कार टाकायचा की नाही यावरून ना. म. जोशी आपला गट घेऊन बाहेर पडले. आपण निदान मालिकेवरून फुटू.

एम्प्रेस_भोंगा

वाचनमात्र होतो, एक तांत्रिक शंका आहे. दोघांनी एकाच सिनेमाची नोंद केली तर वेळा पुढे-मागे येतात. सुरुवातीला काही सेकंदांचा फरक, शेवटी चार-पाच मिनिटांचा. चूक कुठे?

रीळ_आणि_रोजी

चूक माणसाची नाही, प्रतीची. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींवर चित्रित होतो. टीव्ही किंवा जुन्या डीव्हीडीसाठीची प्रत २५ चौकटींची असते, म्हणजे ती ४ टक्के वेगाने पळते. १४० मिनिटांचा सिनेमा साडेपाच मिनिटांनी आखडतो. शिवाय थिएटरच्या आणि ओटीटीच्या प्रतीत काही वेळा कापाकापी वेगळी असते. म्हणून वहीच्या पहिल्या ओळीत प्रत कोणती आणि एकूण लांबी किती ते लिहायचं, आणि वेळ पहिल्या बोधचिन्हापासून नव्हे, पहिल्या दृश्यापासून धरायची. लांबी जुळली नाही तर वेळेऐवजी प्रसंग क्रमांक टाका.

बर्डीवाला

बरं, येतो मी. पन मले पह्यली पंचेचाळीस मिनिटं द्या बाप्पा. इंटरव्हलनंतर कोनीच काम करत नाई, निसते रडतेत.

तर्री_पोहा

रडणं काम धरायचं की नाही, हे पहिल्या दहा मिनिटांच्या नियमात घालतो. घरातलं सगळ्यांचं रडणं एकटीनेच निस्तरायचं असेल तर तिचं मोबदल्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहून धरायचं, असं मला वाटतं. इंदोरा, फुटाळा, तुमचं मत द्या, म्हणजे वही छापायला टाकता येईल.